मिताहारातून अल्पसंग्रहाकडे

सज्जनगड, चाफळ, शिराळा, बहे, तसेच मिरज येथील वेणास्वामींचा मठ या समर्थ संप्रदायाच्या स्थानांचे दर्शन घेणाऱ्या भाविकांस ‘माधुकरी’ हा शब्द परिचित आहे. मधमाशी ज्याप्रमाणे अनेक फुलांतून थोडा थोडा मध घेते, त्याप्रमाणे अनेक घरांतून थोडे थोडे अन्न घेऊन निर्वाह करणे म्हणजे माधुकरी. या आचारात दोन बंधने आपोआप येतात. झोळीत पडेल ते खावयाचे, म्हणून आवडीनिवडीस वाव उरत नाही. उद्याकरिता साठवावयाचे नाही, म्हणून कोठाराची गरज उरत नाही. साध्या अन्नाने संग्रह कसा घटतो, याचे हे जुने उदाहरण होय. याच परिसरातील दुसरे उदाहरण त्या मानाने अलीकडचे असून त्याचा हिशेबही उपलब्ध आहे.

वाई आणि विनोबा

विनायक नरहर तथा विनोबा भावे हे 1916 साली महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाले. पुढील वर्षी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली व कृष्णाकाठी वाई येथे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांच्याकडे उपनिषदे, गीता व ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन केले. रजेच्या काळातील आचरणाचा वृत्तांत त्यांनी 1918 साली गांधीजींना पत्राने कळविला. त्यात त्यांनी आपल्या रोजच्या आहाराचे मापच दिले आहे : दूध 60 तोळे, 20 तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, केळी चार-पाच आणि मिळाल्यास एक लिंबू. मसाला त्यांनी वर्ज्य केला होता. सहा महिन्यांनंतर मीठही सोडले. खर्च फळांचा 1 आणा, ज्वारीचा 2 पैसे, दुधाचा 5 पैसे, असा एकूण 11 पैसे. त्या काळी रुपयाचे 64 पैसे होत; म्हणजे महिन्याचा खर्च साधारण सव्वापाच रुपये. एवढा आहारही त्यांना खर्चिक वाटत होता, हे विशेष.

त्याच पत्रात त्यांनी आपल्याजवळील वस्तूंची यादी दिली आहे. लाकडी ताट, वाटी, आश्रमाचा लोटा, धोतर, कांबळे आणि पुस्तके. याखेरीज काही नाही. आहाराची यादी आणि वस्तूंची यादी, दोन्ही सारख्याच आखूड आहेत.

ताट लहान, घर मोकळे

या दोन याद्यांचा परस्परसंबंध सहज ध्यानी येतो. दोन भाकरींसाठी परात, तवा व चूल पुरते. मसाल्याचा डबा, तळणाची कढई, लोणच्याच्या बरण्या व त्या ठेवावयास फडताळ यांची गरज भासत नाही. भांडी कमी म्हणून घासणे कमी, आणि वाचलेला वेळ अध्ययनास मिळतो. याहून महत्त्वाचे कारण मनाच्या सवयीचे आहे. वस्त्र वर्षातून एक-दोनदा घेतले जाते, घर जन्मात एखाद्या वेळी बांधले जाते. परंतु ‘पुरे’ म्हणण्याची संधी ताटावर रोज दोन वेळा येते. तेथे ज्यास ‘पुरे’ म्हणता आले, त्यास ते बाजारातही म्हणता येते. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद व असंग्रह ही दोन्ही व्रते एकत्र नांदतात, ती याच कारणाने.

नियम आणि उपासमार

येथे एक सावधानता आवश्यक आहे. विनोबांनी एक महिना केवळ केळी, दूध व लिंबू यांवर काढून पाहिला. परंतु शक्ती कमी होते असे दिसताच त्यांनी भाकरी पुन्हा सुरू केली. गीतेनेही अतिभोजन व निराहार ही दोन्ही टोके योगास प्रतिकूल मानली आहेत. म्हणून मधुमेही, वृद्ध, गर्भवती व औषधोपचार चालू असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज आहारात कपात करू नये. तसेच माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत पिढ्यान् पिढ्या अनेकांनी भाकरी-चटणीवर दिवस काढले, ते व्रत म्हणून नव्हे, नाइलाजाने. त्या अभावास वैराग्य म्हणणे योग्य नव्हे. नियम स्वतः स्वीकारलेला असावा, दुसऱ्यावर लादलेला नसावा. उलटपक्षी, एकादशीस साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे व राजगिरा यांचे चार पदार्थ वाढवून केलेला उपवास हाही संकोच नसून विस्तारच होय.

वाचलेले कोणाचे?

मिताहारातून जे उरते त्याचे काय होते, यावर त्याचे मोल ठरते. वाई येथे विनोबांनी विद्यार्थी मंडळ स्थापन केले. त्यातील मुले दळण दळून देत व त्या मजुरीतून वाचनालयासाठी पैसे उभे करीत. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे घर असलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकाची व इतर कामे स्वतः करीत आणि एका पंक्तीस साधे अन्न जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने दिले. ताट साधे होते, म्हणूनच त्या पंक्तीत आणखी एका मुलाचा पाट मांडता आला.

भाविकांनी यात्राकाळापुरता तरी एखादा लहानसा नियम करून पाहावा : एक वेळ एकच भाजी व भाकरी घ्यावी, पानात काही टाकू नये, आणि वाचलेली रक्कम वेगळी ठेवावी. घरी परतल्यावर ती रक्कम एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या जेवणासाठी द्यावी. नियम पेलला तर तो पुढे चालू ठेवावा. न पेलल्यास त्याचे माप बदलावे, पण माप ठेवणे सोडू नये.