धार जवळ पडू लागली की

काल फोनवर तू म्हणालास, रात्री चारदा उठावं लागतं. मग घाईने विचारलंस, "दादा, ते वाफेने करतात ते चांगलं का रे? पंधरा मिनिटांत होतं, टाका नाही, मुक्काम नाही, असं ऐकलंय." आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढलास. मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, या वाटेने आधी जाऊन आलोय. म्हणून नीट लिहितो. लाज बाजूला ठेवून वाच.

मला पहिली खूण रात्रीच्या उठण्याने कळली नव्हती. धार जवळ पडायला लागली होती. एसटीच्या नोकरीत स्टँडमागे उभं राहायची सवय, आणि एक दिवस पाहिलं तर थेंब डाव्या चपलेवर. पुढची दोन वर्षं मी तो चपलेचा अंगठा पुसत राहिलो. तुझी वहिनी म्हणायची, दाखवून या. मी म्हणायचो, गाडीवर लघवी दाबून धरल्याचं हे फळ आहे, आता काय दाखवायचं? पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दाबून धरल्याने प्रोस्टेट वाढत नाही. ती वयाने आणि पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोनने वाढते. तरुणपणी अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. ती फुगली की नळी आवळली जाते. हा कॅन्सर नव्हे. पण एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतं, म्हणून रक्ताची पीएसए तपासणी चुकवायची नाही.

माझा घात केला सर्दीच्या गोळीने. साताऱ्याला लग्न होतं, नाक गळत होतं, दुकानातून गोळी घेतली. रात्री लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं, घाम, उभं राहवेना, बसवेना. पहाटे नळी घातली तेव्हा लिटरभर लघवी निघाली. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत अशी औषधं असतात, की त्यांनी मूत्राशयाचं तोंड आणखी आवळतं किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो. तुला आज एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: धार बारीक असताना सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आता तुझ्या वाफेकडे येतो. टाका तर जुन्या दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही नसतो, तेही लघवीच्या वाटेनेच करतात. तेव्हा टाका नाही या शब्दावर भुलू नकोस. आधी माप बघ. ग्रंथी किती ग्रॅमची, तिचा मधला भाग मूत्राशयात वर आलाय का, लघवी करून झाल्यावर आत किती उरते, या तीन गोष्टी सोनोग्राफीच्या कागदावर असतात. धार मोजायचं यंत्रही असतं, नरसाळ्यात लघवी करायची. सेकंदाला पंधरा मिलिच्या वर धार गेली तर बरी, दहाच्या खाली म्हणजे बहुधा अडथळा. त्यासाठी पोटात निदान दीडशे मिलि हवी, पण फुटेपर्यंत धरून जाऊ नकोस, आकडा चुकतो. मी पहिल्या खेपेला तेच केलं आणि पुन्हा फेरी पडली.

वाफेचं, ज्याला रेझूम म्हणतात, ते साधारण 30 ते 80 ग्रॅमच्या ग्रंथीला. 103 अंशांची वाफ सुईने नऊ-नऊ सेकंद आत सोडतात. तिथल्या पेशी मरतात आणि शरीर त्या हळूहळू शोषून घेतं. म्हणजे काम पंधरा मिनिटांचं असलं तरी गुण त्या दिवशी येत नाही. आधी सूज येते, काही दिवस नळी ठेवावी लागते, जळजळ होते. खरा फरक महिना-दीड महिन्याने, पुरता तीन महिन्यांनी. माझ्या बरोबरीच्या एका ड्रायव्हरने हे केलं. दुसऱ्या आठवड्यात तो रडकुंडीला आला होता, फसवलं म्हणत होता. चौथ्या महिन्यात रात्री एकदाच उठायला लागला. त्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते पंधरा दिवस त्याने धीराने काढले असते.

दुसरं यूरोलिफ्ट. यात काही कापत नाहीत, छोट्या टाचण्यांनी ग्रंथीचे दोन्ही भाग बाजूला ओढून बांधतात. पडद्याची दोरी ओढावी तसं. वीर्य बाहेर येणं शाबूत राहतं, हा मोठा गुण. पण अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांत शंभरातल्या तेरा-चौदा जणांना पुन्हा काही ना काही करावं लागलं, हेही माहीत असू दे. तिसरं, मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक मणी सोडून ग्रंथीचं रक्त तोडायचं. हे लघवीचे डॉक्टर करत नाहीत, रेडिओलॉजिस्ट करतात. भूल झेपत नाही अशांना आणि मोठ्या ग्रंथीलाही उपयोगी, मात्र कापण्याच्या ऑपरेशनइतकी धार खुलत नाही.

माझी ग्रंथी 92 ग्रॅमची होती आणि लघवी झाल्यावर 180 मिलि आत उरत होती. मला वाफ पुरली नसती. पहिल्या दवाखान्यात मात्र मापाचा कागद न बघताच वाफेची तारीख द्यायला निघाले होते. मी उठून दुसरीकडे गेलो आणि होल्मियम लेसरने आतला गर काढून घेतला. संत्र्याची फोड सालीपासून सुटावी तसा तो सोडवतात. दोन दिवस नळी, नंतर दोनेक महिने खोकला आला की थेंब गळायचे. त्यासाठी ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून करायचा असतो. मी नंतर सुरू केला. तू आज कर: वारा अडवताना आवळतो तसं आवळायचं, पाच मोजायचं, सोडायचं. आणि लेसरनंतर वीर्य बहुतेकांचं मागे मूत्राशयात जातं. सुख राहतं, बाहेर काही येत नाही. हे बायकोशी आधी बोलून घे. काढलेला गर तपासायला जातो, हा त्यातला फायदा. वाफेत आणि टाचण्यांत हाती तुकडाच येत नाही, म्हणून तिथे पीएसए आधी नीट बघून घ्यायला हवं.

तुला कदाचित यातलं काहीच लागणार नाही, गोळीवरही भागेल. टॅमसुलोसिन दिली तर ती रात्री घे आणि उठताना आधी पलंगावर मिनिटभर बस, चक्कर येते. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय ना? डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांग, तिने बुबुळ ढिलं पडतं. ग्रंथी आकसायची गोळी, फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड, दिली तर सहा महिने धीर धर, आणि तिच्यावर असताना पीएसएचा आकडा निम्मा दिसतो हे प्रत्येक डॉक्टरला बजावून सांग. हृदयाची, रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नकोस.

याकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस: लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, मूत्राशयात खडा, वारंवार तुंबणं किंवा किडनीवर सूज. यांपैकी काही असेल तर वाट बघायचे दिवस संपले.

उद्यापासून तीन दिवस वही कर. जुना मापाचा मग संडासात ठेव. किती वाजता, किती मिलि, त्याआधी काय प्यालास, एवढंच लिही. मी लॉगशीट भरायचो तसं भरलं आणि वहीतच दिसलं की रात्रीचा मोठा वाटा संध्याकाळी सातनंतरच्या चहाचा आणि सुजलेल्या पायांचा होता. दुपारी पाय उशीवर ठेवून पडायला लागलो तसं रात्रीचं एक उठणं गेलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. सोनोग्राफीला दोघे जाऊ. वही आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून ठेव.