जेवणाचे बिल कसे वाचावे?

बाहेरगावचा व्यापारी अलिबागला आला की त्याला जेवायला न्यावे लागते. कुणी घरगुती खानावळीत नेतो, कुणी एसी रेस्टॉरंटमध्ये, तर कुणी मोठ्या हॉटेलात. सुरमई तिन्हीकडे मिळते; बिल मात्र निरनिराळे येते. ते असे तपासावे :

१) भाव : ताज्या मासळीचा भाव आवक व आकारानुसार बदलतो. कार्डावर 'साइजप्रमाणे' असे लिहिले असल्यास आधी भाव विचारावा.

२) जीएसटी : साध्या रेस्टॉरंटमध्ये, एसी असो वा नसो, १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के. दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक खोलीभाडे घेणाऱ्या हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. कंपोझिशन योजनेतील खानावळवाल्याला मात्र हा कर आपल्या पदरचा भरावा लागतो. ग्राहकाच्या बिलात तो लावता येत नाही.

३) सर्व्हिस चार्ज : हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो बिलात परस्पर लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे.

व्यापारी बांधवांनो, कापडाचा ताका मोजून घेताना आपण लाजत नाही. मग पाहुण्यासमोर बिल वाचताना संकोच कशाला?