दिसायला एक, आतून निराळ्या: संग्रहातील दुबार फाइलींची पारख

जुनी पुस्तके आणि अंक संगणकावर आणणाऱ्या कोणत्याही संस्थेची डिस्क चार-पाच वर्षांत भरते. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून, आकुंचित न करता ठेवले तर सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. दोनशे पानांचे पुस्तक पाच गिगाबाइटांच्या वर जाते. त्यातच एकाने पेनड्राइव्हवरून आणलेली प्रत, दुसऱ्याने ईमेलमधून उतरवलेली, तिसऱ्याने 'अंतिम' आणि 'अंतिम-२' या नावांनी जपलेली. मग दुबार फाइली काढायचे ठरते. हे काम यांत्रिक समजून बहुधा संस्थेतल्या सर्वांत तरुण माणसाकडे दिले जाते.

आमच्याकडे ते मी केले होते, तरुण नसतानाही. शुद्धलेखनाच्या वर्गासाठी टंकित केलेली 'शब्दसूची' नावाची फाइल दोन फोल्डरांत सापडली. नाव तेच, आकारही बाइटापर्यंत तोच. मी एक पुसून टाकली. पुसली ती १९६२च्या नियमांपूर्वीच्या लेखनाची सूची होती: कवि, मुनि, गति, बुद्धि. उरली ती नव्या लेखनाची: कवी, मुनी, गती, बुद्धी. वर्गाचा सारा विषय या दोन सूच्यांमधल्या फरकाचा, आणि त्यातली एकच हाती राहिली. कागदावरून ती पुन्हा टंकित करावी लागली.

आकार सारखा कसा, याचे उत्तर लिपीच्या नोंदणीत आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मग ती ऱ्हस्व वेलांटी असो वा दीर्घ. 'कवि' नऊ बाइटांचा आणि 'कवी'ही नऊ बाइटांचाच. म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घाच्या शंभर चुका सुधारल्या, तरी आकार तसूभर हलत नाही. इंग्रजी मजकुराची सवय असलेल्यांना हा धोका सहसा जाणवत नाही. मराठीत तो रोजचा आहे.

म्हणून नाव आणि आकार यांवर थांबू नये. दुबार फाइली शोधणाऱ्या चांगल्या प्रणाली प्रथम आकारानुसार गट पाडतात, कारण आकार वेगळा असेल तर फाइली एक असूच शकत नाहीत. नंतर गटातील प्रत्येक फाइलीचा 'हॅश' काढतात. हॅश म्हणजे मजकुराच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलीचे नाव बदलले तरी ठसा तोच राहतो. आत एक वेलांटी बदलली की तो पार वेगळा येतो. एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतींत दोन भिन्न फाइलींचा ठसा मुद्दाम सारखा आणता येतो. २०१७ साली एसएचए-१च्या बाबतीत दोन वेगळ्या पीडीएफ फाइली करून ते दाखवले गेले. आपल्या संग्रहावर असा डाव कोणी टाकणार नाही, पण एसएचए-२५६ सहज मिळते, तर तेच वापरावे. विंडोजमध्ये त्याची सोय अंगभूत आहे. लिनक्सवर एफडुप्स ही प्रणाली ठसे जुळल्यावर पुन्हा बाइटाशी बाइट ताडून पाहते.

उलट बाजूही आहे. 'करणाऱ्या'मधला अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो: एकदा 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने, एकदा 'र्'पुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर फरक दिसत नाही, आत तीन बाइटांचा असतो. संगणक अशा दोन फाइलींना दुबार म्हणणार नाही. वर्डची फाइल नुसती उघडून पुन्हा साठवली तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअॅपवरून आलेले छायाचित्र मूळासारखेच दिसते, पण ते आकुंचित झालेले असते. तिथे मोठी, मूळ प्रत ठेवावी. अशा जोड्या यंत्रावर सोडू नयेत. त्या उघडून, शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. त्याला वेळ लागतो, आणि तो द्यावाच.

ठसा जुळला तरी कोणती प्रत काढायची हा प्रश्न उरतोच. एखादे छायाचित्र 'वार्षिक अंक' आणि 'देणगी' अशा दोन फोल्डरांत असेल, तर दुसरी जागा ते कोठून आले ते सांगते. ती पुसण्याआधी तेवढी माहिती नोंदवहीत उतरवून घ्यावी. काढायच्या फाइली लगेच न पुसता वेगळ्या फोल्डरात हलवाव्यात आणि दोन-तीन महिने तिथेच राहू द्याव्यात. दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवर सुरक्षेसाठी ठेवलेली प्रत मात्र या शोधात घेऊच नये. तिचा ठसा जुळणारच. ती त्यासाठीच ठेवलेली असते.