लहान फायली, मोठा उशीर

लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा ज्या आज्ञावलींनी बनला आहे, त्या कोणालाही इंटरनेटवरून एकाच आवळलेल्या गठ्ठ्याच्या रूपात उतरवून घेता येतात. गठ्ठा दीडशे मेगाबाइटच्या आसपास असतो. तो सोडवला की ऐंशी हजारांच्या घरात फायली बाहेर पडतात आणि त्यांचा एकूण आकार सव्वा गिगाबाइटच्या वर जातो. तेवढ्याच आकाराचा एखादा चित्रपट चकतीवर लिहायला दहाएक सेकंद पुरतात. मग हा गठ्ठा सर्व्हरवर, म्हणजे अनेकांच्या फायली सांभाळणाऱ्या सामायिक संगणकावर, सोडवताना कधी कधी अर्धा-पाऊण तास का लागतो? अशा वेळी 'यंत्र जुने झाले' असे म्हणून नवा प्रोसेसर मागवणारे पुष्कळ भेटतात. पैसे जातात, उशीर तसाच राहतो.

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात आठशे पानांचा एक ग्रंथ आला, तर ग्रंथपाल दाखल-नोंदवहीत एक ओळ लिहितात, शिक्का मारतात आणि फडताळात जागा शोधून तो ठेवून देतात. त्याऐवजी आठ-आठ पानांच्या शंभर पुस्तिका आल्या तर? कागद तेवढाच, पण ओळी शंभर, शिक्के शंभर. संगणकालाही प्रत्येक फाइलचे नाव, तारीख, मालक आणि चकतीवरची जागा यांची नोंद करावी लागते. म्हणून लागणारा वेळ असा मांडता येईल:

वेळ = (फायलींची संख्या × दर फाइलचा ठरीव खर्च) + (एकूण आकार ÷ लिहिण्याचा वेग)

आता पहिल्या पदाकडे पाहू. सर्व्हरमधील फिरत्या चकतीचा वेग बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे असतो. म्हणजे सेकंदाला १२० फेरे आणि एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा लेखणीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी लेखणीचा हात योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ८ मिलिसेकंद जातात. बेरीज साडेबारा मिलिसेकंद धरू. ऐंशी हजार फायलींसाठी दर फाइलला अशी एकच उडी मारावी लागली, तरी १,००० सेकंद झाले! दुसरे पद, सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने, नऊ सेकंदांच्या आत आटोपते.

हाताला जडत्व आहे, हे यामागचे खरे कारण. १९५६ साली आयबीएम कंपनीच्या रॅमॅक यंत्रात पहिली चकती-स्मृती आली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, अक्षरे सुमारे ५० लाख आणि हवी ती जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद. आज वीस टेराबाइटची चकती मिळते; म्हणजे साठवण ४० लाख पट वाढली, पण जागा गाठण्याचा वेळ जेमतेम पन्नास पट कमी झाला.

संगणक-प्रणाली अर्थात हुशार असते. ती नोंदी आधी स्मृतीत साठवते आणि सोयीच्या क्रमाने चकतीवर उतरवते. त्यामुळे घरच्या संगणकावर वरचे गणित पुष्कळदा खोटे ठरते. मात्र प्रत्येक नोंद चकतीवर पक्की झाल्याखेरीज पुढे जायचे नाही असा नियम असला, की ते खरे होते. मग दर फाइलला एकाहून अधिक उड्याही लागतात.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे? आधी गठ्ठा न सोडवता त्यातील फायलींची नुसती यादी मागा. त्यासाठीही गठ्ठा पूर्ण उलगडावा लागतो, पण एकही फाइल तयार होत नाही. यादी दहा-पंधरा सेकंदांत आली, तर प्रोसेसर निर्दोष. मग तेवढ्याच आकाराची एक मोठी फाइल त्याच जागी लिहा आणि ती चकतीवर पोचेपर्यंतचा वेळ मोजा. तीही झटपट झाली, तर लिहिण्याचा वेग पुरेसा आहे. संशय दर फाइलच्या खर्चावरच येतो. विषाणू-तपासनीस चालू असेल, तर तो प्रत्येक नवी फाइल उघडून पाहतो, हेही विसरू नये.

फायली दूरच्या सर्व्हरवर जात असतील, तर जाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. एक फाइल निर्माण करायला 'हे नाव आहे का', 'तयार कर', 'हा मजकूर लिही', 'पक्का कर', 'तारीख बदल' असे पाचएक निरोप जातात आणि बहुधा प्रत्येकाचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. मुंबई–दिल्ली सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेअकरा मिलिसेकंद. पाच निरोप आणि ऐंशी हजार फायली: ४,६०० सेकंद, म्हणजे सव्वा तासाहून अधिक! चकती कितीही वेगवान घ्या, जाळ्याची रुंदी दुप्पट करा, हा वेळ हटत नाही. इथे उपाय सोपा आहे: गठ्ठा अखंडच तिकडे पाठवावा आणि तिथल्या तिथे सोडवावा.

काही जण सर्व्हरचा 'पक्के झाल्यावरच उत्तर दे' हा नियमच बंद करतात. वेग खरोखर वाढतो. पण मध्येच वीज गेली, तर सर्व्हरने 'मिळाले' म्हणून सांगितलेल्या फायली नाहीशा होतात. मूळ गठ्ठा हाती असेल, तर तो पुन्हा सोडवता येईल; त्याच वेळी दुसऱ्या कोणी ठेवलेल्या निकालपत्रकाचे काय? सामायिक सर्व्हरवर हा मार्ग मला मान्य नाही.

फ्लॅश-स्मृतीत हलणारा भाग नसतो, त्यामुळे पहिले पद खूपच लहान होते. किती लहान, ते मोजूनच पाहा. शंभर मेगाबाइट मजकूर एका फाइलमध्ये, मग १,०००, ५,००० आणि १०,००० फायलींत सारखा वाटून त्यांचे न आवळलेले गठ्ठे बनवा. प्रत्येक सोडवायला लागणारा वेळ तीनदा मोजून सरासरी घ्या. फायलींची संख्या आडव्या अक्षावर आणि वेळ उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषेचा चढ म्हणजे दर फाइलचा खर्च आणि उभ्या अक्षावरचा छेद म्हणजे निव्वळ लिहिण्याचा वेळ. फिरती चकती आणि फ्लॅश, दोन्हींच्या रेषा एकाच आलेखकागदावर काढता आल्या तर उत्तम.