फिरती शौचालये व भक्तनिवास : दुर्गंधीची कारणे आणि निवारण

पातंजल योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले आहेत, त्यांत पहिला मान शौचाचा आहे. संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे त्यानंतर येतात. तीर्थक्षेत्री येणारा भाविक पहाटे स्नान करून, धूतवस्त्र नेसून दर्शनबारीत उभा राहतो. परंतु ज्या स्थानी तो देहशुद्धी करतो, ते स्थान शुद्ध राहावे यासाठी काय करावे लागते, याचा विचार सहसा होत नाही. यात्राकाळात सर्वाधिक तक्रारी शौचालयांतील दुर्गंधीच्याच असतात. ही दुर्गंधी अटळ नाही. तिची कारणे ठाऊक असल्यास तिचे निवारण अल्प खर्चात होऊ शकते.

दुर्गंधी कशी निर्माण होते?

आळंदीहून व देहूहून निघणाऱ्या पालख्या आषाढ शुद्ध एकादशीच्या सुमारास पंढरीस पोहोचतात. सुमारे तीन आठवड्यांच्या या वाटचालीत प्रत्येक मुक्कामी लक्षावधी वारकरी एका रात्रीपुरते उतरतात. त्यांच्या सोयीसाठी फिरती शौचालये उभी करण्याची पद्धत 2015 पासून ‘निर्मल वारी’ या उपक्रमाद्वारे चांगली रुजली. या शौचालयांत शौचकूपाखाली किंवा शेजारी बंद टाकी असते. मैला त्या टाकीत साठतो व टाकी भरली की तो उपसून नेला जातो.

टाकीत प्राणवायू संपला की त्यावाचून जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करू लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया व मिथेन हे वायू निर्माण होतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वास नसतो, मात्र तो ज्वालाग्राही असतो. म्हणून टाकीजवळ विडी, काडेपेटी वा उदबत्ती पेटविणे धोक्याचे आहे. वायू निर्माण होणे थांबविता येत नाही. तो माणसाच्या वावराच्या जागेत न येता उंचावरून बाहेर जावा, एवढी व्यवस्था करता येते.

दोन रक्षक : जलबंद व हवानळी

शौचकूपाच्या खाली नळीला जो बाक दिलेला असतो, त्यात थोडे पाणी कायम साचून राहते. यास जलबंद म्हणतात. एवढेसे पाणी टाकीतील वायूला वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली इंग्लंडमध्ये अशा बाकदार नळीच्या शौचकूपाचे एकस्व मिळविले. आजही जगभर हेच तत्त्व वापरले जाते.

भक्तनिवासातील अनेक खोल्या यात्रा संपल्यावर आठवडेच्या आठवडे बंद राहतात. त्या काळात न्हाणीच्या जाळीखालील व शौचकूपातील पाणी हळूहळू वाळते आणि जलबंद मोडतो. पुढे खोली उघडताच उग्र वास येतो. सेवेकरी फिनेल ओततात, तासाभराने वास पुन्हा येतो. वास्तविक तेथे फिनेलची नव्हे, दोन तांबे पाण्याची आवश्यकता असते. बंद खोल्यांतील प्रत्येक जाळीत व शौचकूपात आठवड्यातून एकदा पाणी ओतावे. खोली दीर्घकाळ बंद राहणार असल्यास जाळीतील पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडून जात नाही.

दुसरा रक्षक हवानळी. टाकीतून निघून छपराच्याही वर जाणारी ही उभी नळी वायूला बाहेर काढते. नळीच्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केले, पाने अडकली किंवा जाळी गंजून बुजली, की वायू परत फिरतो व शौचकूपातून बुडबुडे येऊ लागतात. यात्रेपूर्वी प्रत्येक हवानळी वर चढून तपासावी आणि तोंडाला डास न शिरतील अशी जाळी लावावी.

साठवण टाकीची निगा

1. टाकी रिकामी केल्यावर ती कोरडी ठेवू नये. तळ पूर्ण झाकला जाईल इतके स्वच्छ पाणी आधी सोडावे. कोरड्या तळावर पडलेला मैला चिकटून वाळतो, त्याचा ढीग होतो व पुढील उपशात तो निघत नाही.

2. निचऱ्याची झडप बंद ठेवावी. ती सतत उघडी ठेवल्यास पातळ भाग वाहून जातो आणि घन भाग आत साचत राहतो. टाकी दोनतृतीयांशाहून अधिक भरली की एकदम उपसावी. म्हणजे वेगासरशी घन भागही निघून येतो.

3. तीव्र आम्ल, ब्लीचिंग पावडर वा फिनेल टाकीत ओतू नये. त्याने विघटन करणारे जिवाणू मरतात व मैला तसाच राहतो. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

4. वाहन शक्यतो सावलीत व समतल जागी उभे करावे. उष्णतेने वायू अधिक होतो, आणि टाकी कलती असल्यास एका कोपऱ्यात घाण साचून राहते.

5. उपसलेला मैला नदीत, ओढ्यात किंवा शेतात सोडू नये. तो मैला शुद्धीकरण केंद्रातच न्यावा. ज्या चंद्रभागेत भाविक स्नान करतात, तीत तो गेल्यास सारी सेवा निष्फळ ठरेल.

मनुष्यास टाकीत उतरवू नये

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे ‘आता वास येत नाही’ असे समजून आत उतरणारा सेवक काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी उतरणारा दुसराही प्राणास मुकतो.

2013 च्या कायद्याने आवश्यक संरक्षक साधनांवाचून माणसाकडून मैलाटाकी वा गटार साफ करून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूंबाबत 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. परंतु भरपाईने घरातील कर्ता पुरुष परत येत नाही. टाकीत प्लास्टिक वा कापड अडकले म्हणजेच माणूस उतरविण्याचा प्रसंग येतो. यास्तव शौचकूपात टाकलेली गुटख्याची एक पुडी ही लहान चूक मानता येत नाही.

भाविकांनी पाळावयाचे नियम

वापरापूर्वी शौचकूप पाण्याने ओला करावा व वापरानंतर पुरेसे पाणी ओतावे. पाण्याच्या बाटल्या, पुड्या, कापड व सॅनिटरी पॅड शौचकूपात टाकू नयेत; ते कागदात गुंडाळून बाहेरील पेटीत टाकावेत. निर्माल्य केवळ निर्माल्यकलशातच ठेवावे. नळ गळत असल्यास किंवा वास येत असल्यास सेवेकऱ्यांस तत्काळ कळवावे. सफाई करणाऱ्या बंधुभगिनींशी आदराने बोलावे.

दात्यांस निवेदन

अन्नदान, अभिषेक व अलंकार यांसाठी देणगी देण्याची परंपरा थोर आहे. त्याच भावनेने मैला उपसणारे टँकर, हवानळ्या, पाण्याच्या टाक्या व सेवकांसाठी हातमोजे आणि बूट यांसाठीही देणगी द्यावी. या दानावर नावाची पाटी क्वचितच लागते, परंतु त्याचा उपयोग प्रत्येक यात्रेकरूस होतो.

श्रीसंत गाडगेबाबा (1876–1956) दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने स्वच्छ करीत. पंढरपूर, आळंदी, देहू व नाशिक येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांचे स्मरण ठेवून प्रत्येक भाविकाने आपल्यामागून येणाऱ्यासाठी स्थान स्वच्छ ठेवावे. तीही श्रींची सेवाच होय.

॥ शुभं भवतु ॥