फळांच्या चहात फळ किती?

‘स्ट्रॉबेरी चहा’, ‘सफरचंद चहा’ अशा नावांची खोकी तुम्ही दुकानात पाहिली असतील. खोक्यावर रसरशीत फळाचे चित्र असते. पेल्यात लाल रंग, आंबट चव आणि फळाचा वास हे तिन्ही मिळतात. पण हे तिन्ही त्या फळातूनच येतात काय?

या चहाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात चहाची पाने असून त्यांना फळाचा वास दिलेला असतो. ‘अर्ल ग्रे’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. लिंबाच्या कुळातील बर्गमॉट या फळाच्या सालीचे तेल त्यात घालतात. दुसऱ्या प्रकारात चहाचे पानच नसते. त्यात बहुधा सुकवलेले सफरचंद, रानगुलाबाची फळे, संत्र्याची साल आणि ‘हिबिस्कस’ असते. या घटकांत कॅफीन नसते.

हे हिबिस्कस म्हणजे आपली लाल अंबाडी. हिच्या पानांची भाजी तुम्ही खाल्ली असेल. तिच्या बोंडाभोवती लाल, मांसल निदलपुंज असतो. तोच सुकवून वापरतात. पेल्यातील लाल रंग आणि आंबटपणा बव्हंशी त्याचाच!

आता एक प्रयोग करा. एका पेल्यात कोरा चहा व दुसऱ्यात सुक्या अंबाडीचा गरम पाण्यातील अर्क घ्या. दोन्ही थंड होऊ द्या. प्रत्येकाचे तीन भाग करा. एक भाग तसाच ठेवा, दुसऱ्यात लिंबाचा रस व तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. लिंबाने चहा फिका होईल, सोड्याने गडद होईल. अंबाडीचा अर्क लिंबाने लालच राहील. सोडा पडताच मात्र तो फसफसेल आणि जांभळट, पुरेसा सोडा पडल्यास निळसर-हिरवट होईल. याचा अर्थ, दोन्हींतील रंगद्रव्ये लिटमसप्रमाणे दर्शक आहेत. अंबाडीतील रंगद्रव्यांना अँथोसायानिन म्हणतात.

कोऱ्या चहाचा सामू सुमारे 5, तर अंबाडीच्या अर्काचा सुमारे 3 असतो. फरक फक्त दोनचा वाटतो, पण सामूचे माप दहाच्या पटीने चालते. म्हणजे अर्कात हायड्रोजन आयनांची संहती जवळजवळ 100 पट! दुधातील केसीन हे प्रथिन सामू 4.6 च्या आसपास साकळते. म्हणूनच या चहात दूध घातले तर ते फाटते. इतक्या आम्लधर्मी पेयाने दातांचे एनॅमलही झिजू शकते, हे दिवसभर घोट घोट पिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

राहिला वास. फळाचा वास बाष्पनशील पदार्थांमुळे येतो. फळ सुकवताना पाण्याबरोबर त्यांतील बरेचसे उडून जातात. म्हणून उत्पादक वरून तेल किंवा अर्क फवारतात. नाक चिमटीत धरून असा चहा प्या. आंबटपणा कळेल, पण फळ कोणते ते सांगता येणार नाही.

तेव्हा चित्र पाहू नका, घटकांची यादी वाचा. आपल्याकडील नियमांनुसार घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. घरात लहान भावंडासाठी असे खोके आणले असेल तर आधी यादीत ‘चहा’ हा शब्द शोधा. तो असेल तर कॅफीन आलेच. मग चित्रातले फळ कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा. ते यादीत मुळीच नसेल, तर त्याचा वास कोठून आला असेल, हे आता तुम्हीच सांगा!