तुकडा कुणी घ्यायचा?

भाच्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा तो दहावीत होता. खेळताना मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी आधी मलम लावलं, मग शेक दिला. पण ठणका रात्रीच वाढायचा. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या जरा वर, गाठ दिसली. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आडवा छेद घेऊन तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. निदान आलं: ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग.

कर्करोग रुग्णालयातल्या सर्जनांनी आधी ती जखमच निरखली. गाठीपर्यंत ज्या वाटेनं हत्यार जातं, तिथे कर्करोगाच्या पेशी मागे राहू शकतात. त्यामुळे मुख्य शस्त्रक्रियेत ती वाट कातडीसकट काढावी लागते. छेद उभा असता तर तो त्यांच्या छेदात सामावला असता. आडवा असल्यानं बरीच जास्त कातडी गेली, दुसऱ्या मांडीची आणून लावावी लागली. पाय मात्र वाचला.

सगळ्यांचा वाचत नाही. अमेरिकेतले सर्जन हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. बायोप्सीतल्या, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्यातल्या, चुकांमुळे त्यातल्या १८ जणांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागला होता.

म्हणून हाडाच्या गाठीचा संशय आला, तर पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडेच आधी जावं. तुकडा ते स्वतः घेतील, किंवा त्यांनी ठरवलेल्या जागेतून रेडिओलॉजिस्ट सीटी स्कॅनवर बघत सुईनं घेईल. एमआरआय त्याआधीच व्हायला हवा. नंतर साकळलेल्या रक्तामुळे गाठीची हद्द धूसर दिसते.

बाकी अवयवांचे तज्ज्ञ वेगळे. जठर-आतड्याचा नमुना एंडोस्कोपीतून पोटविकारतज्ज्ञ घेतात, प्रोस्टेटचा यूरोलॉजिस्ट, गर्भाशयमुखाचा स्त्रीरोगतज्ज्ञ. स्तनातली गाठ थेट कापून काढण्याआधी रेडिओलॉजिस्ट किंवा सर्जनकडून सुईची तपासणी करून घ्यावी. वृषणाच्या गाठीत सहसा सुई घालतच नाहीत. जांघेतून अख्खा वृषण काढून तपासतात. नमुना कुणीही घेवो, त्यात कर्करोग आहे का आणि कोणता, हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीनं तपासणीच टाळणारी माणसं घरोघरी भेटतात. त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: योग्य हातांनी घेतलेल्या नमुन्याशिवाय उपचारांची दिशाच ठरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मात्र आधीच सांगा. आणि रिपोर्टबरोबर नमुन्याची स्लाइड व तो जपलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासले जातात.